टीव्ही युनिट तापून रिसीव्हर बंद पडतो, आणि दर उन्हाळ्यात तेच: आवाज न करता उष्णता बाहेर कशी काढायची

आधी लक्षण सांगते. घर परभणीतलं. हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीला मिस्त्रीकडून करून घेतलेलं प्लायचं टीव्ही युनिट, पुढे काळसर काचेची दोन दारं. खालच्या खणात सराउंड साउंडचा रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारी पेटी. वरच्या फळीवर सेट-टॉप बॉक्स, फायबरची पेटी, राउटर आणि जुनी नाटकं-कीर्तनं साठवलेली हार्ड डिस्क. मार्च उलटला की रात्री साडेआठ-नऊला, टीव्ही लावून चाळीस-पंचेचाळीस मिनिटं झाली की रिसीव्हर गप्प होतो आणि समोरचा लाल दिवा लुकलुकायला लागतो. अर्धा तास थांबलं की परत सुरू. सलग तीन उन्हाळे हे झालं. दर वेळी वाटलं, मागचीच दुरुस्ती बिघडली असेल. तसं नव्हतं. लक्षण एकच, पण तिन्ही वर्षांची कारणं वेगळी निघाली. त्यामुळे नुसतं "पंखा लावा" सांगून उपयोग नाही. पंखा तर पहिल्याच वर्षी लावला होता.

उष्णताच आहे ना, हे आधी ठरवा

दोन संध्याकाळी युनिटची दारं सताड उघडी ठेवून तोच कार्यक्रम, तेवढ्याच आवाजात लावा. रिसीव्हर बंद पडला नाही, तर दोष हवेच्या वाटेचा आहे. दारं उघडी असूनही पडला, तर युनिटच्या मागे लागू नका. मग बघायचं ते असं: स्पीकरच्या वायरीचा एखादा सुटा तांब्याचा केस शेजारच्या टर्मिनलला टेकलाय का? रिसीव्हरच्या पाठीवर किमान ६ ओहम लिहिलंय आणि जोडलेले स्पीकर ४ ओहमचे आहेत का? एक खूण माझ्या कामी आली. वायर टेकलेली असेल तर रिसीव्हर आवाज वाढवल्या क्षणी बंद पडतो. उष्णतेने पडणारा मात्र घड्याळ लावल्यासारखा वेळ घेऊन पडतो, आवाज कमी असला तरी.

रिसीव्हरच्या झाकणावर काय ठेवलंय, तेही बघा. आमच्याकडे आईने विणलेला क्रोशाचा रुमाल होता आणि त्यावर सेट-टॉप बॉक्स. त्या झाकणाला असलेली भोकं हीच रिसीव्हरची नाकपुडी. रुमाल आईने स्वतःच काढला आणि टीव्हीशेजारच्या फुलदाणीखाली घातला. आता तो तिथे जास्त शोभतो. झाकणाच्या वर निदान चार इंच मोकळी जागा हवी. बॉक्सवर बॉक्स रचण्याची सवय मोडली, तर काही घरांत पंख्याशिवायच भागेल.

रात्रीच का, दुपारी दोनला का नाही, हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नाही. बाहेर ४३ अंश असताना दुपारी टीव्ही चालतो आणि जरा निवल्यावर बंद पडतो, हे कसं? उत्तर भिंतीत होतं. नऊ इंची विटांच्या भिंतीतून ऊन आत यायला सहा-सात तास लागतात. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी पडलेलं ऊन रात्री हॉलमध्ये उतरतं, आणि आमचं युनिट त्या भिंतीला पाठ चिकटवून उभं होतं. वरून स्लॅबही रात्रीच ओकत असतो. गावाकडच्या जुन्या घराला माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत होतं, तिथे मे महिन्यातही संध्याकाळी आत सुसह्य वाटायचं. ते सुख स्लॅबच्या घरात नाही. म्हणून पहिलं काम फुकटचं: युनिट भिंतीपासून चार इंच पुढे ओढलं.

आणखी एक खर्च करा, माशांच्या टाकीत घालतात तसल्या लांब वायरीच्या दोन डिजिटल थर्मामीटरचा. एकाची तार वरच्या खणात, छताखाली. दुसरा हॉलमध्ये, पंख्याच्या आणि कूलरच्या झोतापासून दूर. वाचायचा तो या दोहोंतला फरक. आत ४८ अंश आहे, एवढ्याने काहीच कळत नाही. हॉल ४० असेल तर फरक ८, म्हणजे हवा नीट खेळतेय. हॉल ३२ असेल तर फरक १६, म्हणजे कुठेतरी अडलंय. हा फरक डोक्यात ठेवायला लागले तेव्हाच मला पुढची दोन्ही कारणं सापडली. आमचा सुरुवातीचा आकडा, दारं बंद, पंखा नाही: हॉल ३६, आत ५५. फरक १९.

पहिला उन्हाळा: पंखा होता, पण बंद

पहिल्या वर्षी गडबडीत स्टॅबिलायझरमध्ये बसतो तो चार इंची, २३० व्होल्टवर चालणारा लोखंडी फ्रेमचा पंखा आणला आणि मागच्या प्लायला चार स्क्रूंनी आवळून बसवला. मिनिटाला अडीच हजारांवर फेरे. हवा भरपूर फेकायचा. आठ दिवसांनी रिसीव्हर पुन्हा बंद.

पंखा जळाला असेल म्हणून बघितलं, तर त्याची पिन काढलेली. बाबांनी काढली होती. बाबांना एका कानाने कमी ऐकू येतं. घुर्र आवाजात त्यांना नाटकातले संवाद लागेनात, म्हणून टीव्ही लावला की ते पंखा बंद करायचे. म्हणजे नेमक्या ज्या वेळी रिसीव्हर तापायचा, त्याच वेळी पंखा बंद. त्यांची काहीच चूक नव्हती. संवाद ऐकू यावेत म्हणूनच तर सगळी यंत्रणा आणली होती. त्या दिवशी माझ्या डोक्यात पक्कं बसलं की शांत पंखा ही चैन नाही, कूलिंगची पहिली अट आहे. आवाज करणारा पंखा आज ना उद्या कोणीतरी बंद करतंच, आणि तापमान पंखा नसल्याइतकंच राहतं.

त्या पंख्याचा आवाज कुठून येत होता, हे मी चार-पाच संध्याकाळी कान लावून शोधलं. निम्मा आवाज पंख्याचा नव्हताच, प्लायचा होता. युनिटची मागची बाजू सहा मिलिमीटरच्या पातळ प्लायची असते, आणि तिच्यावर घट्ट आवळलेला पंखा तिला संबळाच्या कातड्यासारखा थरथरवतो. पंखा सोडवून हातात धरला की घुमणं एकदम थांबायचं. दुसरा भाग गुणगुणीचा. ५० हर्ट्झच्या विजेवर अशी मोटर १०० हर्ट्झवर गुणगुणते, आणि लाइट गेल्यावर साध्या, चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर तर ती जास्तच घुंघावते. छताच्या पंख्याचा रेग्युलेटर लावून वेग कमी करून पाहिला. फेरे कमी झाले, गुणगुण वाढली. तिसरा भाग निव्वळ हवेचा. पात्यांना अगदी चिकटून बसवलेल्या पत्र्याच्या जाळीतून हवा जोरात ओढली की शीळ येते.

मोठा पंखा, कमी फेरे, आणि एकाऐवजी दोन

दुसऱ्या वर्षी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये बसतात तसे १२० मिलिमीटरचे, १२ व्होल्ट डीसीचे दोन पंखे घेतले. हिशोब सांगते, कारण घेताना दुकानदार नेहमी जास्त फेऱ्यांचा पंखा पुढे करतो.

किती हवा लागते ते काढायचा ढोबळ हिशोब असा: आतल्या सगळ्या यंत्रांचे वॅट गुणिले १.८, भागिले चालणारा तापमानाचा फरक. उत्तर सीएफएममध्ये येतं, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. आमचा रिसीव्हर मध्यम आवाजात साठेक वॅट खातो. बाकी पेट्या मिळून तीस-चाळीस. धरा १०० वॅट. फरक ८ अंश चालेल म्हटलं, तर साडेबावीस सीएफएम. बस्स, एवढीच. चांगला १२० मिलिमीटरचा पंखा पूर्ण वेगाने मोकळ्या हवेत याच्या दुप्पट हवा टाकतो. म्हणजे त्याला पळवायची गरजच नाही.

आता आवाजाचा हिशोब. पंख्याचे फेरे निम्मे केले की हवा निम्मी होते, आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलने उतरतो. तसाच दुसरा पंखा शेजारी लावला, तर हवा पुन्हा पूर्ण होते आणि आवाजात फक्त ३ डेसिबलची भर पडते. एका वेगवान पंख्याऐवजी दोन संथ पंखे लावले की तेवढ्याच हवेसाठी १२ डेसिबल वाचतात, आणि कानाला १० डेसिबलचा फरक साधारण निम्म्या आवाजासारखा वाटतो. या सगळ्या कामात मला याहून उपयोगी गोष्ट दुसरी सापडली नाही.

वेग कमी करायचा सोपा मार्ग म्हणजे व्होल्ट कमी करणं. घरात जुन्या राउटरचा १२ व्होल्ट, १ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर असतोच. दोन पंख्यांना तो पुरतो. त्याच्या पुढे एलएम २५९६ नावाचं छोटं बक मॉड्यूल, म्हणजे व्होल्ट उतरवणारी पट्टी जोडायची, त्यावरचा पितळी स्क्रू फिरवायचा आणि मल्टिमीटरवर ७ व्होल्ट आले की थांबायचं. तिथून पंख्यांना. लाल वायर धन, काळी ऋण. तिसरी पिवळी असेल तर ती फेरे मोजायची असते, टेप लावून सोडून द्या. चार वायरींचा पंखा असेल तर चौथी वेगनियंत्रणाची, तीही मोकळी सोडली तरी चालते. ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरवरही बरेच पंखे फिरतात, पण सगळेच थांबलेल्या अवस्थेतून सुरू होत नाहीत. म्हणून जो व्होल्ट ठरवाल, त्यावर आठ-दहा वेळा बंद-चालू करून बघा. एलईडी पट्टीचा डिमर मात्र लावू नका. तो वीज तुकड्यातुकड्याने देतो आणि पंखा किरकिरतो.

पंखा घेताना बेअरिंग विचारा. साध्या स्लीव्ह बेअरिंगचा पंखा आडवा, छताला टांगून बसवला आणि त्यातून गरम हवा गेली की त्यातलं तेल लवकर आटतं आणि वर्षा-दोन वर्षांत खरखर सुरू होते. बॉल किंवा फ्लुइड बेअरिंगला थोडे जास्त पैसे पडतात, ते द्या.

बसवताना प्लाय आणि पंखा यांच्यात काहीतरी मऊ हवंच. बाजारात सिलिकॉनच्या पिना मिळतात. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचे रुपयाएवढे गोल तुकडे कापले, स्क्रूच्या दोन्ही बाजूंना एकेक घातला, आणि स्क्रू फक्त पंखा हलणार नाही इतपतच आवळले. पंक्चरवाल्याकडे ट्यूबचा तुकडा मागितला तर तो पैसेही घेत नाही. पंखा आणि जाळी यांच्यात बोटभर अंतर ठेवलं, शीळ गेली. एवढं करूनही "वाँव-वाँव" असा चढउतार ऐकू येत होता. तो दोन पंख्यांच्या फेऱ्यांत किंचित फरक असल्याने येतो. एका पंख्याच्या वायरीत एक डायोड घातला, त्याचा व्होल्ट अर्ध्या-पाऊण व्होल्टने उतरला, दोघांचे वेग नीट वेगळे झाले आणि चढउतार थांबला.

रात्री साडेदहाला हॉलमधला छताचा पंखा बंद करून मी बाबांना विचारलं, "चालू आहे का?" ते म्हणाले, "लाव की मग." पंखे तेव्हा तासभर चालू होते.

दुसरा उन्हाळा: हवा जाते कुठून, येते कुठून

आणि तरीही रिसीव्हर बंद पडला. हॉल ३६, आत ५२. दोन नवे पंखे लावून फरक १९ वरून १६, एवढंच. मी हताश झाले होते. काच बसवायला आलेल्या मिस्त्रींना दाखवलं.

"ताई, पंखे तर फिरायलेत की."

"फिरतायत, पण गार होत नाहीये."

त्यांनी उदबत्ती मागितली. वायरी आत घ्यायला पंख्यांच्या शेजारीच त्यांनी पूर्वी तीन इंची भोक पाडलेलं होतं. उदबत्ती तिथे धरली, तर धूर भसाभस आत. खाली दारांच्या फटीपाशी धरली, धूर सरळ वर.

"हे बघा. ह्या भोकातून घ्यायलेत न् ह्या भोकातून टाकायलेत. खालचा रिसीव्हर बसलाय तसाच उकडत."

इतकं साधं. पंखा हवा तयार करत नाही, फक्त ढकलतो. जेवढी बाहेर तेवढीच आत यावी लागते, आणि हवा जवळची वाट धरते. बाहेर टाकलेली गरम हवा भिंतीला आपटून शेजारच्या भोकातून परत आत येत होती. त्या दिवसापासून घरात उदबत्तीचा पुडा युनिटजवळच असतो. अशा कामाला याहून चांगलं उपकरण मला माहीत नाही.

दुरुस्ती अशी केली. वायरींच्या भोकात जुन्या गादीतला स्पंज कापून वायरींभोवती घट्ट बसवला. दारांच्या वरच्या आणि बाजूच्या फटींना कूलरच्या खिडकीला लावतात ती फोमची पट्टी लावली. मग मिस्त्रींनी जिगसॉने तळाच्या फळीत, रिसीव्हरच्या पुढ्यात, चाळीस सेंटिमीटर लांब आणि पाच सेंटिमीटर रुंद चीर पाडली. हे माप असंच घेतलेलं नाही. १२० मिलिमीटरच्या पंख्याचं तोंड, मधला गोळा सोडून, साधारण १०० चौरस सेंटिमीटर. दोघांचं मिळून २००. आत येणारी वाट निदान तेवढी हवी. त्यावर जाळी लावणार असाल तर दीडपट करा, कारण जाळीचे धागे साधारण एक तृतीयांश जागा अडवतात. आम्ही नंतर आणखी एक छोटी चीर वाढवली ती यासाठीच.

तळातूनच का? आमच्या हॉलमध्ये शहाबादी फरशी आहे. फरशीलगतची हवा उभ्या माणसाच्या डोक्याजवळच्या हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी थंड असते. थर्मामीटर खाली ठेवून बघा. ती फुकटची थंडाई सोडायची कशाला?

यानंतरची अडचण आतल्या फळीची होती. ती मागच्या प्लायपर्यंत पूर्ण भरलेली, म्हणजे खालच्या खणातली हवा वर जायला वाटच नाही. फळीची मागची कड तीन सेंटिमीटर कापली. गरम हवा आपोआप वर जाते यावर माझा भरवसा होता, पण तो जोर फार दुबळा असतो. अर्धा मीटर उंचीत दहा अंशांच्या फरकाने जेवढा दाब तयार होतो, त्याच्या कित्येक पटींनी दाब संथ फिरणारा पंखा देतो. म्हणून पंखे वर बसवणं चांगलं, तिथे उष्णता साठते. पण निसर्गावर सोडून वाट अरुंद ठेवणं चुकीचं.

सगळं झाल्यावर: हॉल ३६, आत ४४. फरक ८. कागदावर काढलेला आकडा थर्मामीटरवर दिसला, त्या रात्री मी तो आकडा दहा वेळा तरी बघितला असेल.

पंखे थेट अ‍ॅडॅप्टरवर चोवीस तास ठेवायचे नसतील, तर डब्ल्यू १२०९ नावाचा छोटा तापमान-स्विच मिळतो. त्याला १२ व्होल्टच लागतात, म्हणून अ‍ॅडॅप्टर आधी त्याला, आणि त्याच्या रिलेतून, म्हणजे त्यातल्या आपोआप चालू-बंद होणाऱ्या बटनातून, पुढे बक मॉड्यूल आणि पंखे. थंड करण्याच्या कामासाठी त्याच्या सेटिंगमधल्या पी-० मध्ये 'सी' निवडायचं. सेन्सरचा मणी वरच्या खणात, पंख्याकडे जाणाऱ्या हवेत लोंबकळत ठेवा; रिसीव्हरच्या झाकणाला चिकटवू नका, नाहीतर तो नुसतं झाकणाचं तापमान सांगेल. रिलेचा 'टक' आवाज रात्री ऐकू येतो. पी-१ मध्ये चालू-बंदमधलं अंतर चार अंशांवर नेलं की तो क्वचितच होतो. आम्ही ३५ वर लावलाय. एप्रिल-मे मध्ये पंखे जवळपास सतत चालतात, डिसेंबर-जानेवारीत दिवसेंदिवस लागत नाहीत. कार्यक्रम संपवून रिसीव्हर बंद केला तरी आत साठलेली उष्णता काढायला पंखे स्वतःहून थोडा वेळ चालत राहतात, हा मोठा फायदा. त्यांचा अ‍ॅडॅप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, कारण लाइट गेल्यावर राउटर आणि फायबरची पेटी चालूच असतात.

तिसरा उन्हाळा: शांत पंखा बंद पडला तरी कळत नाही

तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा लाल दिवा. यावेळी मी फरक बघितला: १५. मग उदबत्ती. तळाच्या चिरेपाशी धूर जेमतेम आत झुकत होता. डाव्या पंख्यापाशी धूर बाहेर. उजव्या पंख्यापाशी धूर आत!

उजवा पंखा थांबलेला होता. वायरींच्या भोकातला स्पंज जरा सरकला होता, तिथून पाल आत शिरली होती आणि पात्यात अडकून मेली होती. युनिटच्या मागे उबदार, अंधारी जागा. पाली तिथे येणारच. किती दिवस पंखा थांबलेला होता, कोणास ठाऊक. चालू असतानाही ऐकू येत नव्हता, त्यामुळे बंद झाल्याचं कोणाला कळणार? आवाजाचा पंखा बाबांनी बंद केला होता आणि बिनआवाजाचा पंखा परस्पर बंद पडला होता. शिवाय थांबलेला पंखा म्हणजे उघडं भोक. डावा पंखा बाहेर टाकत होता ती गरम हवा उजव्यातून परत आत. एक पंखा गेला तर निम्मं काम व्हायला हवं, पण प्रत्यक्षात त्याहून वाईट होतं, ते यामुळे.

यावर दोन उपाय केले. पंख्यांच्या बाहेरच्या बाजूला आणि स्पंजवर पत्र्याची मोठ्या छिद्रांची जाळी बसवली, पालीपुरती. आणि तापमान-स्विचचे लाल आकडे काचेतून सोफ्यावरून दिसतील असे समोर आणून लावले.

तळाची चीर का अडली होती, ते वेगळं. तिथे मी डासांची नायलॉनची जाळी लावली होती. मराठवाड्यातल्या घरात धूळ किती येते, ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभऱ्याची रास होते तेव्हाचा भुसा, काळ्या मातीचा फुफाटा, कापसाच्या दिवसांत जिनिंगकडच्या रस्त्याने उडत येणारा तूस. सगळं त्या जाळीवर पापडासारखं थापलेलं होतं. बाहेर टाकणारे पंखे लावले की हवा सगळ्या फटींतून आत ओढली जाते आणि धूळ तिच्याबरोबर येते. उलट, गाळणी लावून हवा आत ढकलणारे पंखे लावले तर फटींतून हवा बाहेर पडते आणि धूळ कमी येते. धुळीच्या दृष्टीने ती पद्धत उजवी आहे. मी ती घेतली नाही, कारण मग पंखे आपल्या तोंडासमोर येतात आणि थोडा का होईना, आवाज वाढतो. माझ्या पद्धतीत पंखे भिंतीकडे तोंड करून युनिटच्या मागे आहेत. धूळ आम्ही हाताने सांभाळतो. ज्यांच्या घरी रस्त्याकडची खिडकी सतत उघडी असते, त्यांनी ती हवा आत ढकलणारी पद्धत विचारात घ्यावी.

जाळी आता बारीक लाकडी चौकटीत आहे, चार चुंबकांवर चिकटते. अशा दोन चौकटी केल्यात, एक लावलेली आणि एक धुऊन वाळत. केर काढताना फरशीलगतची धूळ उडते, म्हणून त्या पाच मिनिटांत पंखे बंद. पंखे साफ करायला जुना रंगाचा ब्रश घ्या. ब्लोअरने मारणार असाल तर पातं बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने ते भलत्या वेगाने फिरलं तर बेअरिंग खराब होतं. रिसीव्हरची धूळ बाहेरूनच झटका. पिन काढली तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, झाकण उघडायचं काम जाणकारांचं.

पंख्याने जे होणार नाही

पंखा हॉलच्या हवेपेक्षा आतली हवा थंड करू शकत नाही. बहुतेक घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात ४० अंशांपर्यंतचं तापमान चालेल असं लिहिलेलं असतं. कित्येक रिसीव्हरना तर ३५ चीच मर्यादा असते. आमचा हॉलच मे महिन्यात ३८ ला जातो. तेव्हा फरक ८ असला तरी आत ४६. म्हणून मे महिन्यात राउटर आणि फायबरची पेटी आम्ही युनिटबाहेर, भिंतीवरच्या छोट्या फळीवर काढली. वाय-फायही सुधारलं. हार्ड डिस्क लागेल तेव्हाच चालू. रिसीव्हरचा इको मोड, म्हणजे कमी वीज खाणारी सेटिंग, लावला. घरच्या आवाजाला तेवढा पुरतो. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी जवळपास तेवढाच तापत राहतो, म्हणून रात्री भिंतीवरचं बटन बंद.

कूलर असेल तर त्याचा झोत तळाच्या चिरेवर थेट येऊ देऊ नका. हॉलची हवा थंड होते तो फायदा आपोआप मिळतोच, पण भरलेल्या कूलरच्या झोताबरोबर बारीक थेंब उडतात, आणि आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. ते पाणी यंत्रांच्या पिनांवर पांढरं होऊन बसतं. आमचा कूलर आम्ही युनिटच्या काटकोनात फिरवला.

एवढी धडपड कशासाठी, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर कपॅसिटरपाशी आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की रिसीव्हरमध्ये असतात तसल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. रिसीव्हर बंद पडतो ते दिसतं. ५५ अंशांत तो रोज थोडाथोडा झिजतो ते दिसत नाही, आणि तो गेला की तसा दुसरा घेणं आमच्यासारख्या घराला परत परत जमणारं नाही.

यंदा ते लाल आकडे बघायचं काम बाबांनी आपणहून घेतलंय. रोज रात्री नऊ वाजता ते काचेतून आतला आकडा वाचतात, भिंतीवरच्या थर्मामीटरवरून हॉलचा घेतात, आणि वजाबाकी करून कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकटीत, दुधाच्या हिशोबाखाली लिहितात. परवा ७ होता, काल ८, आज ८. ११ झाला की ते मला हाक मारतात, आणि आम्ही चौकट बदलतो.